पगार: रोजच्या बोलण्यातलं एक पोर्तुगीज क्रियापद

पोर्तुगीज शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक क्रियापद असं भेटतं, की ते त्याला पाठ करावं लागत नाही. 'पगार'. पैसे देणं, चुकतं करणं, फेडणं हा त्याचा अर्थ. इंग्रजीत ज्याला आपण 'पे' म्हणतो, त्याचा हा पोर्तुगीज जोडीदार. लिस्बनमध्ये त्याचा उच्चार जवळजवळ आपल्यासारखाच होतो: पहिला 'प' ऱ्हस्व, जोर 'गा'वर. फक्त मधला 'ग' किंचित सैल सोडलेला.

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले बहुतेक शब्द वस्तूंची नावं आहेत. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, बादली, घमेलं ही सगळी नामं. वसई 1739 पर्यंत आणि गोवा 1961 पर्यंत त्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे हे शब्द बाजारातून आणि स्वयंपाकघरातून सहज आले. या घोळक्यात 'पगार' वेगळा दिसतो, कारण तो मुळात क्रियापद आहे, आणि तेही मूळ रूपातलं. आपण ते नाम म्हणून उचललं. मग त्याला पगारवाढ, पगारी रजा, पगारदार, 'बिनपगारी फुल अधिकारी' असे मराठी फांटे फुटले. गोव्यातल्या आसगावात जन्मलेले पाद्री आणि भाषाविद सेबास्तियाँव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश 1913 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना अशा शब्दांचा माग काढण्याची आवड आहे, त्यांनी तो जरूर चाळावा.

आज मात्र विषय व्युत्पत्तीचा नाही, वापराचा आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कुटुंबाच्या जुन्या नात्यांमुळे पोर्तुगालला जाणारी मंडळी महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेत. त्यातली बरीच जण पोर्तुगीज शिकतात ती इंग्रजीच्या वाटेने. वही उघडली की एका बाजूला 'पे' आणि दुसऱ्या बाजूला 'पगार', मधे बरोबरीचं चिन्ह. माझं म्हणणं असं, की ही वाट लांबची आहे. 'पगार' या क्रियापदाची चाल मराठीतल्या 'फेडणे'ला जास्त जवळची आहे. 'फेडणे' मनात धरून शिकलात तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

आधी उच्चाराबद्दल थोडं. पुढची पोर्तुगीज वाक्यं मी साधारण लिस्बनच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. लिपी बदलली की काही छटा सुटतातच, म्हणून ती ऐकूनही घ्या. पोर्तुगालचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. तिथे 'ट' आणि 'ड' म्हणण्याची इंग्रजी सवय आपणच आपल्यावर लादतो, ती सोडून द्या. ब्राझीलमध्ये 'पगार'मधला शेवटचा 'र' अनेक ठिकाणी 'ह'सारखा होतो किंवा ऐकूच येत नाही. रिओच्या माणसाने नुसतं 'पगा' म्हटलं तरी तो हेच म्हणतोय असं समजा.

आता पहिली अडचण, आणि ती फक्त आपलीच आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे महिन्याला मिळणारी रक्कम नव्हे. 'माझा पगार' म्हणायला 'उ मेउ पगार' म्हटलंत तर समोरच्याला ते 'माझं देणं-चुकवणं' असं काहीतरी विचित्र ऐकू येईल. त्या रकमेला पोर्तुगीजमध्ये 'सलारिउ' म्हणतात. पोर्तुगालमध्ये 'ओर्दनादु' आणि 'व्हेंसिमेंतु' हे शब्दही सर्रास चालतात, आणि पगारपत्रकाच्या माथ्यावर बहुधा 'व्हेंसिमेंतु' हाच दिसेल. पैसे देण्याच्या क्रियेचं नाम हवं असेल तर 'पगमेंतु'. "पगार कधी होतो?" हे विचारायचं असेल तर क्रियापद वापरा: "क्वांदु ए क पागाँउ?", म्हणजे 'ते कधी देतात?'. नोकरीला जाणाऱ्यांनी आणखी दोन शब्द आधीच माहीत करून घ्यावेत: 'सुब्सीदिउ द फेरियश' आणि 'सुब्सीदिउ द नताल'. पोर्तुगालमध्ये सुट्टीसाठी एक आणि नाताळसाठी एक असे दोन जादा पगार कायद्याने मिळतात, म्हणून तिथे वर्षाचा हिशेब चौदा पगारांचा सांगतात. ब्राझीलमध्ये असा एक असतो, त्याला 'तेरावा' म्हणतात. करार वाचताना महिन्याचा आकडा बाराने गुणायचा की चौदाने, हे यावर ठरतं.

आता वाक्यरचना. या क्रियापदाचा खरा कस इथे लागतो.

इंग्रजीत 'पे'च्या पुढे तीन प्रकारची कर्मं येतात आणि तिघांना एकच नियम लागत नाही. बिल असेल तर 'पे द बिल', मधे काही नाही. माणूस असेल तर 'पे द ड्रायव्हर', तिथेही मधे काही नाही. वस्तू असेल तर मात्र 'पे फॉर द तिकिट'. आपल्याकडे शाळेत इंग्रजी शिकलेली माणसं नेमकी इथे अडखळतात. 'पे टू द ड्रायव्हर' म्हणतात, कारण मराठीत 'ड्रायव्हरला' म्हणायची सवय असते. 'पे द तिकिट' म्हणतात, कारण 'फॉर' सुटून जातो. इंग्रजीत या दोन्ही चुका आहेत.

गंमत अशी, की याच दोन्ही गोष्टी पोर्तुगीजमध्ये बरोबर आहेत. तिथे नियम एकच आणि सरळ: जे फेडायचं ते थेट कर्म, आणि ज्याला फेडायचं त्याला 'अ' हे शब्दयोगी, म्हणजे आपला 'ला'. "कर्ज सावकाराला फेडलं" या मराठी वाक्यात 'कर्ज' थेट आहे आणि 'सावकाराला'मध्ये 'ला' आहे. पोर्तुगीज रचना अगदी अशीच. एक वाक्य मी सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ करायला सुचवेन, कारण त्यातले तीनही मुख्य शब्द गोव्यात किंवा मराठीत आधीपासून आहेत: "पगेइ उ पाँउ आउ पदेइरु". पाँउ म्हणजे पाव. पदेइरु म्हणजे पाव भाजणारा, गोव्यात सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणारा आपला पोदेर. अर्थ: पोदेराला पावाचे पैसे दिले. मराठीत आपण 'पावाचे' म्हणतो, इंग्रजीत 'फॉर' लागतो, पोर्तुगीजमध्ये पाव नुसताच येतो, जणू पावच फेडला. आणि पोदेराला 'ला' मिळतोच.

त्याच्या जागी सर्वनाम आलं तर 'त्याला' किंवा 'तिला' म्हणजे 'ल्य': "पगेइ-ल्य", त्याला दिले. ब्राझीलमध्ये बोलताना लोक हा 'अ' पुष्कळदा गाळतात आणि माणसालाही थेट कर्म करतात. पण लेखी परीक्षेत, सरकारी अर्जात किंवा नोकरीच्या चाचणीत 'अ' असलेली रचनाच बरोबर धरतात. क्रियापदांच्या अशा जोडण्यांवरचे प्रश्न ब्राझीलच्या स्पर्धा परीक्षांत नेहमी येतात, आणि 'पगार' त्यात हमखास असतं. शिकणाऱ्याने सुरुवातीपासून 'अ' लावायची सवय ठेवावी. पुढे गाळायचा असेल तर गाळता येतो.

मग 'फॉर'ला पोर्तुगीजमध्ये जागाच नाही का? आहे, 'पुर' या शब्दयोगीच्या रूपाने. रक्कम सांगितली की ती रक्कम थेट कर्माची जागा घेते आणि वस्तू 'पुर'कडे जाते. "पगेइ देश एउरुश पेलु लीव्रु": पुस्तकाला दहा युरो दिले. इथला 'पेलु' म्हणजे 'पुर' आणि 'उ' मिळून झालेलं रूप. दुसऱ्याच्या वतीने पैसे भरले तरी 'पुर'च येतो. आणि केलेल्या चुकीचं फळ भोगायचं असेल, तर तिथेही 'पुर'.

याच चौकटीतून एक सुंदर वापर निघतो. "पागु-त उं कफे": मी तुला कॉफी पाजतो. इंग्रजीत इथे 'पे' चालत नाही, खरेदीचं क्रियापद घ्यावं लागतं. पोर्तुगीजमध्ये मात्र कॉफी थेट कर्म आणि 'तुला' हा 'ला' घेतलेला माणूस, म्हणजे वाक्य पुन्हा फेडण्याच्याच साच्यात. बिल आल्यावर हात पुढे करून 'मी देतो' म्हणायची पद्धत तिथेही आपल्याइतकीच जोरात आहे. तेव्हा 'एउ पागु' म्हणू नका, त्यात जोर येत नाही. कर्ता मागे टाका: "पागु एउ!" म्हणजे 'मीच देणार'. 'आज मी देणार' म्हणायचं असेल तर "ओज पागु एउ". हा शब्दक्रम कानाला लागला की वाक्य शिकवल्यासारखं वाटत नाही, बोलल्यासारखं वाटतं.

रूपांकडे वळू. वर्तमानकाळ सोपा: मी 'पागु', तो किंवा ती 'पागा', आम्ही 'पगामुश', ते 'पागाँउ'. भूतकाळात मी 'पगेइ', तो 'पगो', ते 'पगाराँउ'. इथे मराठी भाषकाला एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. मराठीत 'मी बिल भरलं', 'तिने बिल भरलं', 'त्यांनी बिल भरलं' यात क्रियापद बदलत नाही, कारण ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पोर्तुगीजमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं, आणि कर्ता बहुधा बोललाच जात नाही. 'पगेइ'मध्ये 'मी' आहे, 'पगो'मध्ये 'त्याने' किंवा 'तिने' आहे. शेवटचा स्वर चुकला की पैसे कोणी दिले हेच बदलतं. दुकानदाराशी वाद घालायची वेळ आली, तर हा स्वर फार मोलाचा ठरतो.

लिहिताना एक लहान खाच आहे. रोमन लिपीत पोर्तुगीज 'जी'नंतर 'ई' आला की त्याचा उच्चार 'टेलिव्हिजन'मधल्या 'ज'सारखा होतो. 'पगेइ'मधला 'ग' वाचवायचा म्हणून मधे 'यू' घालतात, आणि तो 'यू' उच्चारायचा नसतो. आज्ञार्थी 'पाग' या रूपातही हीच युक्ती आहे. पैसे भरायच्या यंत्राच्या पडद्यावर ते रूप दिसलं तर 'पाग्वे' वाचू नका.

'दिलेला', 'भरलेलं' या अर्थाचं धातुसाधित 'पागु'. जुन्या ग्रंथांत 'पगादु' हे नियमित रूप सापडतं, पण आज सगळीकडे 'पागु'च वापरा. हे रूप लिंगवचन घेतं आणि आपल्याला ते सहज जमतं, कारण मराठीतही भरलेला, भरलेली, भरलेलं असं आपण करतोच. बिल म्हणजे 'कोंता', ते स्त्रीलिंगी, म्हणून "अ कोंता इश्ता पागा": बिल भरलेलं आहे. जेवण म्हणजे 'अल्मोसु', पुल्लिंगी, म्हणून 'पागु'. आता 'पागु' म्हणजे 'मी देतो' हेही होतं आणि 'दिलेला' हेही. गोंधळ होत नाही, कारण 'दिलेला'च्या आधी बहुधा 'आहे' किंवा 'होता' अर्थाचं सहायक क्रियापद असतं.

इंग्रजी 'पे' मात्र अशा कितीतरी ठिकाणी जातो जिथे 'पगार'ला प्रवेश नाही, आणि इथे पुन्हा मराठीच कामाला येते. लक्ष देणं याला इंग्रजीत 'पे' लागतो, पण पोर्तुगीजमध्ये 'प्रश्तार अतेंसाँउ'. इथे 'पगार' घातलं तर लक्ष विकत घेतल्यासारखं वाटेल. भेट द्यायला जाणं 'फझेर उमा व्हिझीता', म्हणजे भेट करणं. कुणाची तारीफ करणं 'फझेर उं इलुजीउ', अक्षरशः स्तुती करणं, अगदी आपल्यासारखं. आदरांजली वाहणं 'प्रश्तार ओमनाजेंइ'. कुणाच्या बोलण्याकडे लक्ष देण्याला तिथे 'दार ओव्हीदुश' म्हणतात, म्हणजे कान देणे. हा वाक्प्रयोग तर मराठीतून उचलून ठेवल्यासारखा आहे. फायद्याचं असणं या अर्थी इंग्रजीत एकटा 'पे' चालतो, पोर्तुगीजमध्ये तिथे 'कोंपेंसा' किंवा 'व्हाल अ पेना' येतं. गुन्हा शेवटी फायद्याचा ठरत नाही, हे सांगायला "उ क्रीम नाँउ कोंपेंसा" म्हणतात. पण एखादी नोकरी चांगले पैसे देते, तिथे 'पागा बेंइ' अगदी बरोबर. म्हणजे खरोखर पैसे हातात पडत असतील तर 'पगार', नुसता लाभ असेल तर नाही.

याउलट, 'पगार' अशा ठिकाणी जातो जिथे इंग्रजी 'पे' अवघडतो. यातला सगळ्यात मोठा वापर 'पगार प्रोमेसा'. शब्दशः 'वचन फेडणे', पण खरा अर्थ नवस फेडणे. पोर्तुगालमध्ये फातिमाच्या तीर्थक्षेत्री भाविक बोललेला नवस फेडायला येतात. कुणी शेकडो किलोमीटर चालत येतं, कुणी तिथल्या आवारातलं अंतर गुडघ्यांवर कापतं, कुणी मेणाच्या प्रतिमा वाहतं. 13 मे आणि 13 ऑक्टोबर हे तिथले मोठे दिवस. लोटांगण घालत देवळाला जाणारी माणसं पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवाशी झालेला व्यवहारही 'फेडायचा' असतो, ही कल्पना दोन्हीकडे एकाच क्रियापदात मावते.

ब्राझीलचे नाटककार दियस गोमिस यांचं 'उ पगादोर दि प्रोमेसास' हे नाटक 1960 मध्ये रंगभूमीवर आलं. नाव मराठीत सांगायचं तर 'नवस फेडणारा'. आपलं गाढव बरं व्हावं म्हणून एका शेतकऱ्याने नवस बोललेला असतो, आणि तो फेडायला तो जड क्रूस खांद्यावर घेऊन साल्वादोरच्या चर्चपर्यंत येतो. पण नवस आफ्रिकी परंपरेच्या ठाण्यावर बोलला होता म्हणून पाद्री त्याला आत घेत नाही. आन्सेल्मु दुआर्ति यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला 1962 मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. इंग्रजीत हा चित्रपट 'द गिव्हन वर्ड' या नावाने गेला, म्हणजे 'दिलेला शब्द'. फेडणं हे क्रियापदच त्या नावातून गळालं. मराठीत ते तसंच राहतं. पोर्तुगीज शिकणाऱ्या मराठी माणसाने हा चित्रपट पाहावाच, आणि संवादांत 'पगार' किती वेळा आणि कोणत्या सुरात येतो ते कान देऊन ऐकावं.

बोलीतले आणखी काही प्रयोग कामाचे आहेत. 'पगार उ पातु' म्हणजे बदकाचे पैसे भरणं, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आपण भोगणं. ब्राझीलमध्ये 'पगार मीकु' म्हणजे चारचौघांत फजिती होणं. मीकु हे लहानसं माकड. 'पगार कारु' म्हणजे भारी किंमत मोजावी लागणं. कुणी रागाने "व्होसे मी पागा!" म्हणालं तर पैशाची मागणी समजून पाकिटाकडे हात नेऊ नका, ती 'बघून घेईन' अशी धमकी आहे. आणि एखाद्या वृद्ध बाईने तुमच्या मदतीबद्दल "देउश ल्य पाग" म्हटलं, तर तो आशीर्वाद आहे: देव तुमचे उपकार फेडो.

'पगार'च्या शेजारीच 'अपगार' राहतं आणि ते वेगळं आहे: विझवणं, पुसून टाकणं. 'अपगार अ लूश' म्हणजे दिवा मालवणं. 'पगार अ लूश' म्हणजे विजेचं बिल भरणं, कारण तिथे बोलताना विजेच्या बिलाला नुसतं 'दिवा' म्हणतात. फरक एका स्वराचा. भाड्याने खोली घेऊन राहिलात तर घरमालकाकडून ही दोन्ही वाक्यं ऐकू येतील, म्हणून तो पहिला 'अ' नीट ऐकायची सवय लावा. दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधलं 'पाकारे', म्हणजे शांत करणं. सावकार शांत झाला की देणं फिटलं, ज्योत शांत झाली की दिवा विझला. इंग्रजी 'पे'ही फ्रेंचमार्गे त्याच घरातून आलेला आहे.

शेवटी गल्ल्यावरची वाक्यं. पोर्तुगालच्या उपाहारगृहात "क्रीया पगार, स फाश फव्होर" म्हणा, म्हणजे 'बिल द्यायचं होतं'. भूतकाळी रूपामुळे ते सभ्य होतं, जसं आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणतो. मागवण्याआधी टेबलावर आणून ठेवलेले पाव, लोणी आणि ऑलिव्ह फुकट नसतात. खाल्ले तर ते बिलात येतात, नको असतील तर सुरुवातीलाच परत न्यायला सांगा. कार्डाच्या यंत्राला तिथे सरसकट 'मुल्तिबांकु' म्हणतात. एकरकमी द्यायचे असतील तर पोर्तुगालमध्ये 'अ प्रोंतु', ब्राझीलमध्ये 'आ व्हीस्ता'. हप्त्यांनी द्यायचे असतील तर पोर्तुगालमध्ये 'एंइ प्रश्तसोंइश' आणि ब्राझीलमध्ये 'पार्सेलादु'. ब्राझीलमध्ये साध्या बुटांच्या जोडालाही किती हप्ते हवेत असं विचारतात. तिथे नोव्हेंबर 2020 पासून 'पिक्स' ही झटपट रक्कम पाठवायची सोय सुरू झाली. आपल्या यूपीआयची सवय असलेल्याला ती लगेच कळते, पण त्यासाठी तिथलं खातं लागतं.

आणि पैसे देताना एक प्रश्न येतो तो पुस्तकात सहसा नसतो. पोर्तुगालमध्ये गल्ल्यावरचा माणूस विचारतो, "कों कोंत्रिबुइंत?" म्हणजे पावतीवर तुमचा करक्रमांक घालायचा का. ब्राझीलमध्ये याच जागी "से-पे-एफि ना नोता?" असं येतं. तुमच्याकडे तो क्रमांक असेल तर सांगा, कारण पोर्तुगालमध्ये काही खर्चांवर त्यातून करात सवलत मिळते. नसेल तर पुरुषाने "नाँउ, ओब्रिगादु" आणि स्त्रीने "नाँउ, ओब्रिगादा" म्हणावं.